‘उड’ : एका बालखेळातील क्रियापद

मुले वर्तुळात बसून तर्जनी जमिनीला टेकवितात. म्होरक्या ‘चिमणी उड’, ‘कावळा उड’ असे पुकारतो व दर खेपेस स्वतःचे बोट वर करतो. ‘म्हैस उड’ म्हणतानाही तो ते उचलतोच. दिसणाऱ्या बोटापेक्षा ऐकलेल्या नामावर विसंबणारे मूल टिकते, नुसते अनुकरण करणारे बाद होते. वाक्याची घडण तीच राहून केवळ नाम पालटते, त्यामुळे निर्णयाचा सारा भार त्या एका पदावर पडतो. क्रियापदाचे रूप आज्ञार्थी खरे. परंतु ती आज्ञा चिमणीला नसून, ‘ही उडते काय?’ असा खेळणाऱ्यास केलेला प्रश्नच होय.

खरी अडचण ‘कोंबडी उड’ येथे उद्भवते. कोंबडी उडून कुंपणावर बसलेली ज्याने पाहिली आहे, तो बोट उचलणारच. वटवाघूळ उडते, पण ते पक्षी नव्हे. शहामृग पक्षी असूनही उडत नाही. तेव्हा हा खेळ पक्ष्यांच्या वर्गाचा नसून क्रियापदाच्या आवाक्याचा आहे. मराठीत रंग उडतो, झोप उडते, धांदलही उडते. ‘झोप उड’ असे कोणी पुकारल्यास मोठ्यांचेही बोट अडखळेल.

चुकलेल्या मुलास लागलीच बाहेर बसविण्याची रीत बालवाडीत तरी सदोष वाटते. ज्याला सरावाची गरज अधिक, तोच त्यामुळे खेळास मुकतो. कोंबडीवर बोट उचलणाऱ्यास प्रथम कारण विचारावे, आणि ते पटण्याजोगे असल्यास त्याला खेळात ठेवावे.