मुलाखतीत गाव विचारलं तर...

नालवाडीचा उमेदवार एमबीएच्या मुलाखतीला बसला की 'तुमच्या गावाविषयी सांगा' हा प्रश्न हमखास येतो. 'वर्ध्याजवळचं छोटं गाव' एवढ्यावर थांबणं म्हणजे हातची संधी घालवणं.

पवनारला जाण्याआधी विनोबा भावे नालवाडीत राहिले. ग्रामसेवा मंडळाचं काम इथंच उभं राहिलं, चर्मालयही चाललं. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तो सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकलेले होते! मुंबईतली जमनालाल बजाज संस्था १९६५ची. तिला नाव वर्ध्याच्याच जमनालालजींचं. तिथला प्रवेश मात्र मुलाखतीवर नव्हे, मुख्यतः सीईटीच्या गुणांवर होतो.

पण या माहितीचं नुसतं पाठांतर पुढच्याच प्रश्नाला कोसळतं. ग्रामोद्योगातला कच्चा माल, कारागिराची मजुरी, बाजारपेठ, यंत्राशी स्पर्धा यांवर स्वतःचं मत हवं.

आता गटचर्चेचं. अनेक आयआयएमनी तिच्याऐवजी लेखी चाचणी आणली असली, तरी काही संस्थांत गटचर्चा टिकून आहे. तिथं कापसाच्या हमीभावाचा विषय निघाला, तर वर्ध्याच्या मुलाकडे घरातला अनुभव असतो. त्याला आकड्यांची जोड द्यावी आणि दुसऱ्याचं वाक्य पूर्ण ऐकूनच बोलावं. गटचर्चेचा सराव चार मित्र जमवून गावातही करता येतो.