शर्यतीच्या जुन्या वाहनांचा संग्रह आणि पुनर्बांधणी : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

जुन्या वस्तूंचा संग्रह हा इतिहासाच्या अभ्यासाचा पाया होय, ही गोष्ट खानदेशाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली. १९२६ साली धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संशोधन मंडळामुळे कागदपत्रांच्या जतनाची परंपरा या शहरात रुजली. जुन्या कागदावरील अक्षर पुसट झाले म्हणून त्यावर नवी शाई गिरवू नये, हा दंडक या परंपरेत गृहीत धरलेला आहे. तथापि यंत्राच्या बाबतीत हा दंडक कसा पाळावा? यंत्र चालते ठेवायचे तर त्याचे झिजलेले भाग बदलावेच लागतात, आणि भाग बदलला की पुरावा नाहीसा होतो. शर्यतीच्या जुन्या क्वाड बाइक व त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या मोटारसायकली यांच्या आधारे या प्रश्नाचा उलगडा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्वाड बाइक : स्वरूप व पूर्वपीठिका

क्वाड बाइक म्हणजे मोटारसायकलीप्रमाणे खोगिरावर मांड टाकून व हँडल धरून चालवावयाचे चारचाकी वाहन. तिचे टायर रुंद असून त्यांतील हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या तुलनेत अगदी कमी असतो. त्यामुळे वाळू, चिखल व खडकाळ जमीन यांवर चाक रुतत नाही. या वाहनाचा पूर्वज तीन चाकांचा होता. होंडा कंपनीने १९७० साली असे तीनचाकी वाहन अमेरिकेच्या बाजारात आणले. वळणावर ते सहज कलंडत असे. अपघात वाढल्याने १९८८ मध्ये अमेरिकेत शासन व उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि तेथे नव्या तीनचाकी वाहनांची विक्री थांबली.

तत्पूर्वीच चारचाकी आवृत्ती पुढे आली होती. खास शर्यतीसाठी घडविलेल्या वाहनांत सुझुकीची एलटी २५० आर (१९८५ ते १९९२), होंडाची टीआरएक्स २५० आर (१९८६ ते १९८९) आणि १९८७ मध्ये आलेली यामाहाची बॅन्शी ही प्रमुख नावे होत. तिन्हींची इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती. यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्पादन अल्पकाळ टिकले, आणि शर्यतीत वापरलेले वाहन मूळ स्वरूपात उरणे अवघडच. म्हणूनच आज परदेशी संग्राहक या वाहनांचे सांगाडे, इंजिने व सुटे भाग शोधत फिरतात.

खानदेशाशी नाते : राजदूत ३५०

अशा क्वाड बाइक खानदेशात संग्रहासाठी सहज मिळत नाहीत. मात्र त्यांच्या इंजिनाचे भावंड भारतात तयार झाले होते. यामाहाच्या सहकार्याने एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये 'राजदूत ३५०' ही मोटारसायकल बाजारात आणली. ती मूळच्या यामाहा आरडी ३५० वर आधारित होती. तिच्या दोन्ही सिलिंडरांचा व्यास ६४ मिलिमीटर व पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर, म्हणजे एकूण घनफळ सुमारे ३४७ घन सेंटिमीटर. यामाहाने पुढे याच मापांचे, परंतु हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन घडविले आणि तेच बॅन्शी या क्वाड बाइकमध्ये बसविले. म्हणजे अमेरिकेच्या वाळवंटातील शर्यतीचे वाहन आणि आपल्याकडची राजदूत ३५० यांचे कूळ एकच आहे. राजदूत ३५० भारतातील धावपट्ट्यांवरच्या शर्यतींतही उतरली. पेट्रोल अधिक पिणारी ही गाडी सामान्य ग्राहकाला परवडली नाही व १९९० च्या सुमारास तिचे उत्पादन संपले. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेल्या पेट्रोलचा काही अंश धुराबरोबर बाहेर जातो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यावर त्याची पीछेहाट अटळ होती. हे त्याचे उणेपण झाकण्याचे कारण नाही.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात आणि दुसऱ्या मार्गावर जळगाव वसलेले आहे. वाहनांच्या या वर्दळीत गॅरेज, लेथ व बोअरिंग यांचा व्यवसाय वाढणे स्वाभाविक होते. राजदूत, येझदी, आरएक्स या गाड्यांची इंजिने ज्यांच्या हातून वारंवार बांधली गेली, ते मिस्त्री हेच या विद्येचे खरे जाणकार होत.

पुनर्बांधणीची प्रक्रिया

टू-स्ट्रोक इंजिन बांधणे हे चार टप्प्यांचे काम आहे. पहिला टप्पा ओळखीचा. इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहणे, रंगाचे थर तपासणे आणि प्रत्येक बाजूचे छायाचित्र घेणे हे काम पाना हाती घेण्यापूर्वी व्हावयास हवे.

दुसरा टप्पा मोजमापाचा. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, तसेच परस्परांशी काटकोनात मोजला जातो. झीज सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे गोल छिद्र लंबगोल होते. ते पुन्हा गोल करण्यासाठी बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवितात. ही मापे ०.२५ मिलिमीटरच्या पायरीने वाढत जातात. ६४ चा व्यास ६५ झाला की ३४७ चे घनफळ सुमारे ३५८ होते. त्यापुढे लोखंडी स्लीव्ह पातळ पडते व ती बदलावी लागते. म्हणजे मूळ धातूला मोजक्याच वेळा हात लावता येतो. प्रत्येक बोअर हा भांडवलातून केलेला खर्च होय.

तिसरा टप्पा क्रँकचा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी केवळ पेटी नसून पंपाचे काम करते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम तेथे येते, दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये शिरते. क्रँकच्या टोकावरील रबरी सील कडक होऊन चिरले की बाहेरची हवा आत खेचली जाते. मिश्रणातील पेट्रोलचे व त्यासोबत येणाऱ्या तेलाचे प्रमाण घटते, तापमान चढते आणि गॅरेजच्या भाषेत 'पिस्टन पकडतो'. जळगाव–भुसावळच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे सील बाहेरून धड दिसले तरी त्यावर विसंबू नये, ते याच कारणाने. याखेरीज क्रँकचे भाग दाबाने एकत्र बसविलेले असल्याने कनेक्टिंग रॉड बदलल्यावर तो सरळ फिरतो की नाही, हे डायल गेजने पाहावे लागते.

चौथा टप्पा जोडणीचा व गाडी हळूहळू 'रूळविण्याचा'. शर्यतीच्या वाहनात याला सांगाड्याच्या तपासणीची जोड लागते. उड्यांच्या आघाताने वेल्डिंगच्या सांध्याशी बारीक भेगा पडतात. त्या रंगाखाली लपलेल्या असतात आणि चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात.

अस्सलपणाचा प्रश्न

येथे दोन उद्दिष्टांचा संघर्ष उभा राहतो. गाडी सुरक्षित व चालती करणे हे एक, तिचा पूर्वेतिहास जपणे हे दुसरे. झगमगीत रंग व क्रोम चढविलेली गाडी प्रदर्शनात वाहवा मिळविते. परंतु कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा, हे तिच्यावरून कळत नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि चेसिस, बॉडी अथवा इंजिनात मूलभूत फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू होते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवण्यात आले. अशी वाहने प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली यांसारख्या प्रयोजनांसाठीच रस्त्यावर आणता येतात. या हिशेबाने १९८३ ची राजदूत ३५० सुद्धा २०३३ पूर्वी या व्याख्येत बसत नाही. दरम्यान जी गाडी भंगारात जाईल ती कायमची जाईल आणि जी बेहिशेबी बदलली जाईल तिचे अस्सलपण सिद्ध करणे कठीण होईल.

महाविद्यालयांची भूमिका

गाड्यांइतकेच मिस्त्रींचे ज्ञानही नाशवंत आहे. सायलेन्सरच्या आवाजावरून मिश्रणाचा दोष ओळखणारा कान किंवा प्लगच्या रंगावरून इंजिनाची तब्येत सांगणारी नजर कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे उतरलेली नाही. दुसरीकडे, २००७ पासून इंदूरजवळील पिथमपूर येथे भरू लागलेल्या बाहा स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडतर जमिनीवर धावणारी चारचाकी वाहने स्वतः घडवीत आले आहेत. धुळ्याहून तोच आग्रा महामार्ग इंदूरकडे जातो. नवे वाहन घडविणारा विद्यार्थी आणि जुने वाहन जगविणारा मिस्त्री यांची गाठ महाविद्यालयाने घालून द्यावी.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक जुन्या वाहनाची एक नोंदवही असावी. तीत क्रमांक, मोजमापे, बदललेला भाग, बदलाचे कारण, दिनांक व काम करणाऱ्याचे नाव लिहावे. काढलेला मूळ भाग फेकू न देता चिठ्ठी लावून ठेवावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मापे घ्यावीत, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मालक व मिस्त्री यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी गॅरेजमधील शब्दांचा संग्रह करावा.

समारोप

सारांश, पुनर्बांधणी व जतन यांत विरोध आहे तो नोंदीच्या अभावी. झिजलेला पिस्टन बदलणे हा दोष नव्हे, बदल न नोंदविणे हा दोष होय. लेथवर एकदा कापला गेलेला धातू परत येत नाही. त्याची मापे लिहून ठेवली असतील तरच तो कसा होता हे पुढच्या अभ्यासकाला कळेल. कागदपत्रांच्या बाबतीत जी शिस्त आपण स्वीकारली, तीच तेलकट हातांच्या विद्येलाही लागू करणे अगत्याचे आहे.