दोन मीटरवरून दादर

कॅमेरा नवीन असतो तेव्हा आपण सगळेच एकसारखे फोटो काढतो. मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, गेटवेची कबुतरं, लोकलच्या दारात लटकलेली मंडळी. मीही काढले. हॉस्टेलवर सगळ्यांनी 'सही आहे यार!' म्हटलं. पण तेच फोटो दुसऱ्या कोणी काढले असते तरी काय फरक पडला असता? मग 'आपली स्टाइल' म्हणजे नक्की काय? माझ्यापुरतं उत्तर मला दादरच्या फूलबाजारात मिळालं, आणि तेही बोलणी खाऊन.

शहर मोठं असलं की आधी ते लहान करून घ्यावं लागतं. म्हणून मुंबईभर भटकणं सोडून मी एकच जागा धरली : दादर स्टेशनच्या पश्चिमेला, केशवसुत उड्डाणपुलाच्या आसपास भरणारा बाजार. रविवारी पहाटे जायचं, नऊपर्यंत परत. (मेसचा नाश्ता बुडतो, इलाज नाही.) चार-पाच खेपांनंतर कळायला लागतं की झेंडूची पोती कुठे उतरतात, पुलाच्या सावलीत ऊन कुठून शिरतं, गर्दी कुठे तुंबते. मग फोटोच्या मागे धावावं लागत नाही, उभं राहून वाट बघता येते.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी पोत्यांवर झोपलेला एक हमाल दिसला. अंगावर पाकळ्या, तोंडावर ऊन. मी लांबून झूम करून क्लिक केलं. मागून आवाज आला, "ए पोरी, दाखव काय काढलंस." शेवंती विकणाऱ्या बाई होत्या. मी "आंटी, सॉरी..." वगैरे सुरू केलं, तर म्हणाल्या, "आंटी नको, मावशी म्हण. आणि ते पुसून टाक. तो इथं असा झोपतो, हे त्याच्या घरी माहीत नाही."

पुसलं. फोटो खरंच चांगला होता, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवसापासून झूम बंद. किट लेन्स 18 मिमीवर ठेवायची आणि हलवायची नाही. आता इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. प्रत्येक लेन्सला एक हायपरफोकल अंतर असतं. तिथे फोकस केला की त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गणित सोपं आहे. फोकल लेंथचा वर्ग करा, त्याला एफ-नंबर आणि चालण्याजोग्या धूसर ठिपक्याचा व्यास यांच्या गुणाकाराने भागा. माझ्या एपीएस-सी सेन्सरला तो व्यास 0.02 मिमी धरतात. 18 चा वर्ग 324, भागिले 8 गुणिले 0.02, म्हणजे 2025 मिमी. साधारण 2 मीटर! हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये टेपने 2 मीटर मोजून फोकस केला, लेन्स मॅन्युअलवर टाकली, संपलं. 1 मीटरपासून पुढचं सगळं नीट येतं, ऑटोफोकसची खरखर नाही, उशीर नाही. शटर 1/250, कारण हमाल चालत नाहीत, पळतात. पुलाखाली मग आयएसओ 3200 पर्यंत चढवावा लागतो. फोटोत दाणे येतात, येऊ देत.

एक मात्र सांभाळा. उन्हातला झेंडू लाल चॅनेल पार जाळून टाकतो, पाकळ्यांचा नुसता केशरी चिखल होतो. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा आणि हिस्टोग्राम रंगवार बघा.

या 18 मिमीची खरी अडचण वेगळीच आहे. माणूस फ्रेममध्ये मोठा हवा असेल तर त्याच्या दोन मीटरवर जावंच लागतं, आणि तिथून लपता येत नाही. तो बघतो, विचारतो, कधी हाकलतोसुद्धा. कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काम 50 मिमीवर करायचे, आणि कुणाच्या लक्षात न येता. त्यांचं बघून मीही आधी लपायलाच शिकले होते. पण 1994 मध्ये आलेलं रघुबीर सिंग यांचं मुंबईवरचं पुस्तक मिळालं तर जरूर चाळा. एकाच फ्रेममध्ये किती माणसं, किती रंग, किती आरसे! इथली गर्दी अशी जवळूनच समजते, असं मला वाटतं.

आता मी फोटोंच्या प्रिंट काढून पुढच्या रविवारी नेऊन देते. मावशींनी स्वतःचा बघितला आणि म्हणाल्या, "रागावलेली दिसतेय मी." तरी तराजूमागे खोचून ठेवला आहे.

तो हमाल नंतर दोनदा दिसला, जागा. त्याला अजून विचारलेलं नाही.