पाणीपंप (खेळणे)

पाणीपंप हे लहान मुलांनी अंघोळीच्या किंवा पाण्यात खेळण्याच्या वेळी वापरावयाचे खेळणे आहे. बादलीतील, टबातील किंवा घंगाळातील पाणी दट्ट्या, लवचीक फुगा अथवा छोटी मोटर यांच्या साहाय्याने वर घेणे आणि तोटीतून, झारीतून किंवा कारंज्यातून बाहेर टाकणे, एवढेच त्याचे काम असते. बाजारात ते हत्ती, देवमासा, बदक, नळ अशा नाना रूपांत मिळते. आतील यंत्ररचना मात्र मोजक्याच प्रकारांची असते. पिचकारी हा त्याचा सर्वांत साधा प्रकार होय.

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हे खेळणे दोन वाटांनी घरात येते. एक वाट बाजारातील प्लॅस्टिकच्या वस्तूंची, तर दुसरी बांबूच्या पिचकारीची. खोक्यावरील चित्रात मूल बहुधा बाथटबमध्ये बसलेले दाखवितात. जिल्ह्यातील बहुतेक घरांत मात्र अंघोळ बादली आणि मग यांच्यावरच होते. खेळण्याच्या दृष्टीने यात काही उणे नाही. उलट उथळ टबापेक्षा खोल बादलीत पंपाचे तोंड पाण्याखाली नीट बुडते आणि तो अधिक चांगला चालतो.

रचना व कार्य

पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पाणी ढकलले जाते. दट्ट्या मागे घेतला की नळीतील जागा वाढते आणि तेथील हवेचा दाब घटतो. बादलीतील पाण्याच्या पृष्ठभागावर बाहेरच्या हवेचा दाब कायम असतो. तो पाण्याला नळीत चढवितो. हा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो, त्याहून अधिक नाही. विहिरीवरील पंप या उंचीपलीकडे पाणी का खेचू शकत नाहीत, या प्रश्नातूनच १७व्या शतकात इटलीत तोरिचेल्ली याने १६४३ चा पाऱ्याचा प्रसिद्ध प्रयोग केला आणि हवेला वजन असल्याचे स्पष्ट झाले. बादलीतील खेळण्याला जेमतेम एक वीत पाणी चढवावयाचे असते, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाचे बळही त्यास पुरते.

पिचकारीत पाणी ज्या छिद्रातून आत येते, त्याच छिद्रातून बाहेर जाते. म्हणून ती भरावी लागते, रिकामी करावी लागते आणि पुन्हा भरावी लागते. खरा पंप होण्यासाठी दोन झडपा लागतात. पाणी आत घेणारी झडप केवळ आतल्या बाजूस उघडते आणि बाहेर सोडणारी केवळ बाहेरच्या बाजूस. खेळण्यांत या झडपा म्हणजे बहुधा रबराची एक चकती किंवा एखादी सैल गोळी असते. दांडा वर-खाली करताना झडपा आळीपाळीने उघडतात व मिटतात आणि पाणी एकाच दिशेने वाहते. दोन नळकांडी आणि झडपा असलेला असा दाबपंप इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्तेसिबियस याने बनविल्याचे मानले जाते.

खेळण्याची क्षमता सहज मोजता येते. नळीचा आतील व्यास २ सेंटिमीटर आणि दट्ट्याची चाल ८ सेंटिमीटर असेल, तर एका झटक्यास सुमारे २५ मिलिलिटर पाणी निघते. म्हणजे एक लिटरचा तांब्या भरण्यास सुमारे ४० झटके लागतात. त्याच नळीच्या टोकाला २ मिलिमीटरचे छिद्र असेल, तर छिद्राचे क्षेत्रफळ नळीच्या शंभरावा भाग होते. दट्ट्या सेकंदाला ५ सेंटिमीटर या संथ गतीने दाबला तरी पाणी सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटते आणि घर्षण सोडून दिल्यास सरळ वर सव्वा मीटरपर्यंत जाते. शाळेतील विद्यार्थ्यांनी पट्टी आणि मोजपात्र घेऊन हा हिशेब जरूर पडताळून पाहावा.

नवे किंवा बरेच दिवस कोरडे पडलेले खेळणे पहिल्यांदा चालत नाही, तेव्हा ते मोडले आहे असे समजून टाकून दिले जाते. बहुधा त्यात दोष नसतो. दट्ट्या आणि नळी यांच्या फटीतून हवा निसटत असते; वरून थोडे पाणी ओतले की ओली चकती फट बुजविते आणि पंप पाणी धरतो.

बॅटरीवरील खेळण्यांत झडपा नसतात. त्यांतील मोटर पात्यांचे लहान चक्र फिरविते, चक्र पाणी बाहेरच्या कडेकडे फेकते आणि मध्यभागी नवे पाणी येते. शेतातील विजेच्या मोटरपंपाचे तत्त्वही हेच आहे.

बांबूची पिचकारी

बांबू हे गोंदियाच्या जंगलांतील महत्त्वाचे वनोत्पादन आहे आणि सुपे, टोपल्या, परडे विणणाऱ्या बुरुड कारागिरांचे ते मुख्य साधन. पिचकारीसाठी मात्र विणकाम लागत नाही. दोन पेरांमधील एक पोकळ नळी पुरते. मानवेल या जातीचा बांबू कोरड्या जमिनीत पुष्कळदा भरीव निघतो, म्हणून पोकळ कांडे निवडून घ्यावे लागते. कटांग बांबू अधिक पोकळ असतो.

नळीच्या एका टोकाचे पेर तसेच ठेवून त्याच्या मधोमध तापलेल्या तारेने किंवा खिळ्याने छिद्र पाडतात आणि दुसरे टोक मोकळे ठेवतात. बारीक सरळ काठीच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधली की दट्ट्या तयार होतो. चिंधी भिजून फुगते आणि नळीच्या भिंतीला चिकटून बसते, म्हणून वापरण्यापूर्वी दट्ट्या पाण्यात बुडवून ठेवतात. चिंधी फार जाड झाली तर काठी सरकत नाही, पातळ राहिली तर पाणी उलट हातावर येते. हे प्रमाण कोणी सांगून कळत नाही; दोन-तीनदा बांधून सोडल्यावरच ते जमते. होळीच्या सुमारास याच भागात पळस फुलतो आणि त्याची फुले उकळून केलेले केशरी पाणी पिचकारीत भरण्याची जुनी रीत आहे.

पाण्याच्या खेळातील पिचकारीचे उल्लेख संस्कृत साहित्यात आढळतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील १६व्या सर्गात शरयूमधील जलक्रीडेच्या वेळी सोन्याच्या शृंगांतून रंगीत पाणी उडविल्याचे वर्णन आहे, तर ७व्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत वसंतोत्सवातील अशाच खेळासाठी ‘शृंगक’ हा शब्द येतो. शृंग म्हणजे शिंग. साधनाच्या आकारावरून हे नाव पडले असावे. स्नान आणि खेळ यांची सांगड प्लॅस्टिकच्या बदकापासून सुरू झाली नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

हातपंपाशी नाते

गावातील मुलाने पाहिलेला पहिला मोठा पंप बहुधा विंधन विहिरीवरील हातपंप असतो, आणि दांडा असलेली खेळणी त्याचीच नक्कल करतात. या हातपंपाच्या घडणीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले होते. साऱ्या गावाने दिवसभर चालविल्यावर ते वारंवार मोडत. जालना येथील मिशनच्या विंधन विहिरींच्या कामातून पोलादी बांधणीचा ‘जालना पंप’ आणि पुढे सोलापुरात ‘सोलापूर पंप’ तयार झाला. सोलापूर पंपात दांडा एकाच आसावर बॉल बेअरिंगवर फिरतो आणि साखळीने दट्ट्याचा गज उचलतो. याच रचनेवरून १९७०च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप विकसित झाला. तो पुढे आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला.

खेळणे आणि हातपंप यांत एक महत्त्वाचा फरक आहे. खेळण्यातील दट्ट्या पाण्याच्या वर असतो आणि हवेच्या दाबावर अवलंबून राहतो. इंडिया मार्क २ सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंतचे पाणी काढतो, जे हवेच्या दाबाने कदापि चढणार नाही. म्हणून त्याचे नळकांडे खाली पाण्यातच बुडविलेले असते आणि दट्ट्या पाणी अक्षरशः उचलून आणतो. त्यात वरून पाणी ओतण्याची गरज पडत नाही, तीही याच कारणाने.

टाकाऊ वस्तूंपासून पंप

विज्ञानशिक्षणात या खेळण्याचे स्थान पक्के करण्याचे मोठे श्रेय अरविंद गुप्ता यांना जाते. आयआयटी कानपूरचे अभियंता असलेल्या गुप्ता यांनी पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनविलेल्या पंपांच्या अनेक कृती प्रसिद्ध केल्या. कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा ही त्यांतील आवडती सामग्री. फिल्मच्या डब्या आता दिसेनाशा झाल्या आहेत, परंतु औषधांच्या लहान डब्यांनी ते काम भागते. ट्यूबची चौकोनी चकती एका कडेने चिकटविली की झडप होते. मुलाला झडप उघडताना आणि मिटताना दिसते, हा अशा पंपाचा विकतच्या खेळण्यांहून मोठा गुण आहे.

सुरक्षितता

भारतात खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे मानक असून, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ३ वर्षांखालील मुलाच्या खेळण्यातून गिळता येईल असा सुटा भाग निघता कामा नये. झडपेची गोळी आणि तोटीचे टोपण ओढून पाहावे. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. बटणासारख्या गोल बॅटऱ्या गिळल्यास अन्ननलिकेस काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते.

दाबून पाणी उडविणाऱ्या बंद पोटाच्या खेळण्यांत पाणी साचून राहते. २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी वापरलेली अशी बदके कापून पाहिली, तेव्हा आतील भिंतींवर जिवाणूंचा दाट थर आढळला आणि सुमारे ६० टक्के खेळण्यांत बुरशीही होती. मुले हेच पाणी एकमेकांच्या डोळ्यांत आणि तोंडात उडवितात. म्हणून उघडून धुता येणारा पंप घ्यावा आणि खेळानंतर तो सुटा करून उन्हात वाळवावा. पावसाळ्यात गोंदियाची दमट हवा बंद खेळणे आतून वाळू देत नाही.

सर्वांत मोठा धोका खेळण्यात नसून त्याभोवतीच्या पाण्यात आहे. चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. पंप उचलण्यासाठी वाकलेले मूल डोक्यावर बादलीत पडले तर त्याला उलटे होता येत नाही, आणि भरलेली बादली कलंडतही नाही. अशा वेळी आवाज होत नाही. त्यामुळे खेळ चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे, फोनसाठीही उठू नये आणि खेळ संपताच बादली रिती करावी. मालगुजारी तलाव आणि शेतातील बोड्या यांनी भरलेल्या या जिल्ह्यात पिचकारी भरण्यासाठी लहान मुलाला एकट्याने काठावर पाठवू नये. पाणी बादलीत आणून द्यावे.