वराहाची जबानी

हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत फुगा फुगवून तिचा मार्ग मोकळा करण्याची युक्ती आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी १९७७ साली झुरिक येथे मनुष्यावर प्रथम योजली. परंतु ताणून रुंद केलेली भिंत पुष्कळदा पुन्हा आक्रसे. त्या भिंतीस आतून धातूच्या जाळीचा, म्हणजे स्टेंटचा, आधार द्यावा, हा विचार ग्रुंट्सिग यांचे व्याख्यान १९७८ मध्ये ऐकणाऱ्या हूलिओ पाल्माझ यांच्या मनात घोळू लागला, आणि त्यांनी घडविलेल्या जाळ्या मनुष्यापूर्वी कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांत बसविल्या गेल्या.

आजमितीस मात्र नव्या स्टेंटचा पहिला दाखला मागितला जातो तो बहुधा डुकराकडे. त्याचे हृदय आकाराने व धमन्यांच्या रचनेने आपल्या इतके जवळचे आहे, की मनुष्यासाठी बनविलेले साहित्य तेथे जसेच्या तसे वापरता येते. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास असे दाखविले, की प्रमाणाबाहेर मोठ्या फुग्याने तार दाबून बसविली असता ती भिंतीतील लवचीक पटल भेदून जितकी खोल जाते, तितका वर वाढणारा पेशींचा थर जाड होतो. जखम आणि तिचा परिणाम या दोहोंचे मोजमाप हाती आल्याने दोन स्टेंटांची तुलना हा केवळ मतामतांचा मामला उरला नाही.

स्टेंट बसविल्यावर साधारणतः २८ दिवसांची मुदत देतात. नंतर प्राण्यास मारले जाते, हे आडपडदा न ठेवता सांगितलेले बरे. धमनी कृत्रिम राळेत घट्ट बसवून धातूसकट करवतीने तिच्या पातळ चकत्या काढतात, आणि तारांवर नवे अस्तर चढले काय, गुठळी धरली काय, दाह किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपास दीर्घ मुदतीचा असेल तर ठेंगण्या जातीचे डुक्कर घ्यावे लागते, कारण पाळीव डुकराचे हृदय झपाट्याने वाढते आणि स्टेंट आहे तेवढाच राहतो.

साक्षीदार सच्चा असला तरी त्याची जबानी त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपुरतीच ग्राह्य धरावी. या प्राण्याची धमनी तरुण, निरोगी, मेद व चुन्याच्या थरांपासून मुक्त असते, आणि तिची जखम आपल्यापेक्षा फार लवकर भरते. म्हणून जाळी घातक आहे काय, याचे उत्तर ती बरेचसे देते, गुणकारी आहे काय, याचे क्वचितच. सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेले स्टेंट १९९९ साली साओ पाउलो येथे प्रथम मनुष्यात बसविले गेले व रुग्णांत त्यांचा लाभ टिकला. डुकरांत मात्र महिन्यानंतर दिसलेला लाभ तीन महिन्यांनी उरला नव्हता. किरणोत्सारी स्टेंटच्या बाबतीत नेमके उलट घडले: प्राण्यांवरील आरंभीच्या काही प्रयोगांत पेशींची वाढ आटोक्यात राहिल्याचे पाहून तज्ज्ञ हर्षभरित झाले, आणि रुग्णांत जाळीचा मध्यभाग मोकळा राहून तिच्या दोन्ही कडांशी धमनी अरुंद होऊ लागली, तेव्हा ते स्टेंट मागे पडले.