कार्बनचे पार्ट बाहेरून मागवताय?

घरी माउंटन बाइक (एमटीबी) जुळवताय आणि चीनहून कार्बनचे पार्ट मागवायचा विचार आहे? जरूर मागवा, पण आधी मापं पक्की करा. हँडलबारचा क्लँप ३१.८ मिमी की ३५, सीटपोस्ट ३०.९ की ३१.६, हे स्टेम आणि फ्रेमवर बघून घ्या. जाहिरातीतलं ‘टोरे टी-७००’ हे नुसतं कार्बनच्या धाग्याचं नाव. खरी ताकद थर कसे रचलेत त्यावर. सायकल-सुरक्षेच्या आयएसओ ४२१० मानकाची चाचणी झालीय का, विक्रेत्याला विचाराच. बिनानावाचा हँडलबार तर मी कधीच घेणार नाही: अ‍ॅल्युमिनियम बहुधा आधी वाकतं, कार्बन एकदम तुटू शकतो. बसवताना ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा, आणि टॉर्क रेंचने पार्टवर छापलेल्या आकड्यापर्यंतच आवळा. बॉटल केज मात्र बिनधास्त स्वस्तातला घ्या!