करडईच्या फुलांचा चहा : आधी चालू गोळ्या बघा

तिसगावच्या बाजारात परवा एका शेतकऱ्याने पिशवीतून मूठभर वाळल्या पाकळ्या काढल्या. लालसर, अगदी केशरागत. "साहेब, घरच्या करडईच्या आहेत. हृदयाला चांगल्या म्हणतात. आईला चहा करून देऊ का?" आईला कोणती गोळी चालू आहे, असे विचारले. "हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची रोज एक." मी म्हटलं, मग अजिबात देऊ नका.

करडईचे फूल चीनमध्ये 'होंगहुआ' नावाचे जुने औषध आहे. अडलेली पाळी, मुका मार यासाठी तिथले वैद्य दिवसाला ३ ते १० ग्रॅम फूल काढ्यात देतात. रक्त 'चालते करणे' हा त्याचा गुण, आणि धोकाही तोच. वॉरफेरीन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन घेणाऱ्याने वर हा चहा घेतला तर रक्तस्राव वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौचास ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. ऑपरेशन ठरले असेल तर चहाचेही डॉक्टरांना सांगावे. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांनी जपून. दोन्ही झाडे एकाच कुळातली.

गरोदर बाईला तर हे फूल देऊच नये, गर्भाशय आकसण्याची भीती असते. आपल्याकडे मात्र सुनेला हौसेने केशर-दूध देतात, आणि स्वस्तातले 'केशर' पुष्कळदा करडईच निघते! काडी पाण्यात भिजवून बघा. केशराची काडी टोकाला कर्ण्यासारखी रुंदावते. करडईचे फूल म्हणजे बारीक नळी, टोकाला पाच फाटे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, पाकळ्यांचा चहाही पुढे आणला. दाणे भरल्यावर, पाकळ्या सुकताना तोडल्या तर उत्पादन घटत नाही, म्हणजे हा जोडधंदा वाईट नाही. पण माव्यासाठी फवारलेल्या रानातल्या पाकळ्या चहाला घेऊ नका. दाण्याला टरफल तरी असते, पाकळीवर औषध थेट बसते. विकताना पुडीवर 'गरोदर स्त्रिया व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी नाही' एवढे छापाच.

शेतकऱ्याने पाकळ्या पिशवीत टाकल्या. "मग घाण्यावरचं तेल?" ते जेवणात नेहमीइतके चालेल. ते दाण्याचे, फुलाचे नव्हे.